आतला गंज

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू पृथ्वीवरील संपत्तीचे तीन शत्रू सांगतो: कसर, गंज आणि चोर. चोर बाहेरून येतो. त्याच्यासाठी कुलूप आहे, कुत्रा आहे, पोलीस चौकी आहे. कसर आणि गंज मात्र कुलपाला जुमानीत नाहीत. ज्या ग्रीक शब्दाचे आपण 'गंज' असे भाषांतर करतो, त्याचा मूळ अर्थ नुसता 'खाणे' असा आहे, असे सेमिनरीत आम्हांला शिकविले होते. मराठी माणूसही 'पत्रा गंजाने खाल्ला' असेच म्हणतो. गतवर्षीच्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका गॅरेजमध्ये हे खाणे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आणि त्या निमित्ताने एक जुनाच प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा राहिला. जे कोणालाच दिसत नाही, त्याची जबाबदारी कोणावर असते?

निमित्त होते आमच्या धर्मग्रामाच्या मोटारीचे. १९७५ साली नोंदलेली ही गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या मातीतून वर आलेल्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून ती घडली. कागदोपत्री पद्मिनी असली तरी लोकांच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली आणि मग वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. आमच्यापूर्वीचे धर्मगुरू हीच गाडी घेऊन लोहा, कंधार, मुखेडच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर मिस्सा अर्पण करावयास जात. अडल्या बाळंतिणींना हिने इस्पितळात पोहोचविले, कित्येकांच्या अंत्यविधीला ही गेली. पुढे जीप आली आणि फियाट शेडमध्ये उभी राहिली.

सभागृहाचे पत्रे पावसात गळू लागले, तेव्हा ही गाडी विकून पैसा उभा करावा असे धर्मग्राम मंडळात ठरले. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या खाजगी मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. तेव्हापासून अशा गाड्यांना हौशी गिऱ्हाईक मिळते. लातूरच्या एका तरुणाने छायाचित्रे पाहूनच बरी किंमत सांगितली. "फादर, एकदा रंग मारून ठेवा, म्हणजे झाले," एवढीच त्याची अट होती.

म्हणून आम्ही ती देगलूर नाक्याकडच्या एका वयोवृद्ध कारागिराकडे नेली. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. उस्तादांनी रंगाकडे पाहिलेच नाही. ते गाडीपाशी उकिडवे बसले आणि दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पत्र्यावर पेचकसाच्या मुठीने ठोकू लागले. टण, टण, टण असा आवाज येता येता एका ठिकाणी 'थप' झाले. त्यांनी पेचकस उलटा धरून तेथे टोक टेकविले, आणि ते जोर न लावताच दोन बोटे आत गेले. लाल भुगा जमिनीवर पडला.

"उस्ताद, वरून तर काहीच दिसत नव्हते," आम्ही म्हणालो.

"वरून काय, फादर, चुना मारला तरी चांगलंच दिसतं. गंज आतून येतो. वर दिसला म्हणजे त्याचं आतलं काम झालं."

चुना फासलेल्या कबरींचे उदाहरण शुभवर्तमानात आहे हे उस्तादांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्हांला मात्र ते ठाऊक होते. परुश्यांना उद्देशून उच्चारलेले ते शब्द आम्ही व्यासपीठावरून अनेकदा वाचले आहेत, आणि प्रत्येक वेळी ते समोर बसलेल्यांसाठीच आहेत असे आम्हांला वाटत आले आहे.

येथे या गाडीच्या रचनेविषयी थोडे सांगणे भाग आहे. ट्रक किंवा जुनी जीप यांना खाली स्वतंत्र चॅसी असते आणि तिच्यावर वरचा डोलारा ठेवलेला असतो. फियाटला अशी चॅसी नाही. पातळ पत्रा दुमडून, त्याच्या कडा एकमेकींना वेल्ड करून बंद पेट्या तयार केलेल्या असतात. दाराखालचे पाट, छत पेलणारे खांब, जमिनीखालच्या आडव्या पट्ट्या हे सारे आतून पोकळ असते. सपाट पत्रा हाताने वाकतो, पण त्याचीच पेटी केली तर ती माणसे आणि सामान पेलते. वेळू पोकळ असूनही भक्कम असतो, तशातलाच हा प्रकार. म्हणजे ज्या भागाला आपण कधी पाहत नाही, त्याच भागावर गाडीत बसलेल्यांचे प्राण अवलंबून असतात. बोनेटवरचा चकचकीत पत्रा उद्या काढून टाकला तरी गाडी उभी राहील. दाराखालचा पाट गेला तर ती मधोमध बसेल.

उस्तादांनी दोन मार्ग सांगितले. पहिला दोन दिवसांचा. भोकावर पत्र्याची चकती, तिच्यावर लांबी, लांबीवर घासकाम आणि रंग. लांबी म्हणजे रंगापूर्वी भरावयाची पुट्टी. "कोणाला कळणार नाही. दोन पावसाळे निघतील." दुसरा मार्ग होता सडलेला पत्रा कापण्याचा, नवा जोडण्याचा, आणि साऱ्या पोकळ्या आतून धुऊन, वाळवून, त्यांत मेणतेल भरण्याचा. त्याला तीन आठवडे लागणार होते आणि खर्च पहिल्याच्या सहापट होता.

खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्ही निश्चय करू शकलो नाही. मंडळातील एका अनुभवी गृहस्थांनी दूरध्वनीवर सांगितले, "फादर, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो हौशी पोरगा आहे, गाडी शोभेसाठी ठेवणार. जुनी वस्तू आहे तशी विकतात, त्यात खोटे ते काय?" त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पैसा आमच्या खिशात जाणार नव्हता. ज्या सभागृहात आमच्या मुलामुलींचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात, त्याच्या छपरासाठी तो हवा होता. आणि गिऱ्हाइकाने आम्हांला काही विचारलेही नव्हते.

प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गायजिसच्या अंगठीची कथा सांगितली आहे. ती अंगठी फिरविली की माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी सज्जन आणि दुर्जन अशा दोघांनाही दिली, तर दोघांच्या वागण्यात काही फरक उरेल काय, असा तेथे प्रश्न आहे. सेमिनरीत असताना आम्ही या प्रश्नाचे उत्तर परीक्षेत झोकात लिहिले होते. आता अंगठीऐवजी लांबीचा डबा समोर होता, आणि उत्तर लिहिताना पेन अडखळत होते.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात अज्ञानाचे प्रकार सांगितले आहेत. एक अज्ञान असे की जे माणसाला कितीही काळजी घेतली तरी दूर करता येत नाही. त्याचा दोष त्याला लागत नाही. दुसरे असे की थोडी चौकशी केली असती तर ते दूर झाले असते. त्याचा दोष लागतो. आणि तिसरे, सर्वांत वाईट, म्हणजे मुद्दाम जोपासलेले अज्ञान. आपल्याला कळू नये म्हणून माणूस तिकडे पाहावयाचेच टाळतो. अमेरिकेत ओहायो नदीवरचा 'सिल्व्हर ब्रिज' हा लोखंडी पूल १५ डिसेंबर १९६७ रोजी सायंकाळच्या रहदारीत कोसळला आणि ४६ माणसे दगावली. पुलाला पेलणाऱ्या साखळीच्या एका दुव्यात, जोडाच्या आतल्या अंगाला, काही मिलिमीटर खोलीचा तडा होता. जोड सुटा केल्याखेरीज तो दिसणे त्या काळी शक्यच नव्हते. हा पहिला प्रकार. पेचकस आत जाईपर्यंत आम्हीही पहिल्या प्रकारात होतो, असे फार तर म्हणता येईल. पेचकस आत गेल्यावर कोणत्याच प्रकारात उरलो नाही. आता आम्हांला ठाऊक होते.

गिऱ्हाईक लातूरचे होते, म्हणून असेल, पण त्या रात्री आम्हांला किल्लारी आठवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. आम्ही तेव्हा शिक्षण घेत होतो. पुढे मदतकार्याला आलेल्यांबरोबर आम्हीही आलो होतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती पत्त्यासारख्या कशा पडल्या, हे आम्हांला कळत नव्हते. तेथील अभियंत्याने एक अर्धवट पडलेली भिंत दाखविली. तेव्हा उलगडा झाला. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा दगडी थर, आणि दोहोंच्या मध्ये दगडगोटे आणि माती. या थरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड भिंतीत नव्हते. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून फुगून सुटले आणि वरचे मातीचे जडशीळ माळवद खाली आले. बाहेरून पाहणाराला ती एकच भिंत होती. प्रत्यक्षात त्या शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन भिंती होत्या. नंतरच्या पुनर्वसनात उभ्या राहिलेल्या भिंतींतून ठिकठिकाणी दगड काढून, त्या भोकांत सळई व काँक्रीट भरून दोन्ही थर जोडण्याची पद्धत शिकविली गेली. बिचाऱ्या गावकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. वाडवडिलांनी बांधले तसे त्यांनी बांधले. पण ज्याला भिंतीचे पोट ठाऊक आहे, त्याने वरून गिलावा करून ती भिंत दुसऱ्याला विकली, तर त्याला काय म्हणावे?

सकाळी आम्ही लातूरला दूरध्वनी केला आणि जे पाहिले ते सांगितले. तो तरुण थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, तुम्ही सांगितले, बरे केले." त्याने गाडी घेतली नाही. तसे त्याने स्पष्ट सांगितलेही नाही. त्याचा दूरध्वनी पुन्हा आला नाही, इतकेच. सत्य बोलल्याचे बक्षीस लगेच पदरात पडते अशा गोष्टी लहान मुलांच्या पुस्तकांत असतात. आमच्या पदरात मंडळाची नाराजी पडली. सभागृहाचे पत्रे त्या पावसाळ्यातही गळले आणि धर्मशिक्षणाचे वर्ग मंदिराच्या व्हरांड्यात भरले. ही किंमत आम्ही नव्हे, मुलांनी मोजली, हे आम्ही विसरलेलो नाही.

गाडी दुरुस्त करावयाची ठरली ती परवडेल तशी, टप्प्याटप्प्याने. मे महिन्यात आम्ही सवड काढून उस्तादांच्या हाताखाली राबलो. त्या दिवसांत आम्हांला जे शिकावयास मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

पहिली गोष्ट पाण्याची. आमची समजूत अशी होती की गंज ही वसई, कोकण, गोवा अशा खाऱ्या वाऱ्याच्या मुलखांची व्याधी आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या प्रदेशात तिचे काय काम? ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे लोखंड ओले तरी कशाने होणार? उस्तादांनी दाराच्या आतून मूठभर माती काढून आमच्या हातावर ठेवली. ती आपली काळी माती होती. उन्हाळ्यात ती धूळ होऊन फटीफटींतून आत जाते आणि पावसाळ्यात ओल धरून बसते. रस्ता चार दिवसांत सुकतो, पोकळीतली माती चार महिने सुकत नाही. पाऊस किती पडला यापेक्षा ओल किती दिवस आत राहिली, हे महत्त्वाचे. रागाचे तसेच आहे. जो भडकतो आणि शमतो त्याच्यापेक्षा, ज्याच्या पोटात एकच शब्द दहा वर्षे ओला राहतो, तो अधिक झिजतो.

दुसरी गोष्ट भोकांची. मोटारीच्या दारात पाणी शिरतेच. काच खाली जाते त्याच फटीतून पावसाचे पाणी आत उतरते. हा काही दोष नव्हे. गाडी घडविणाऱ्यांना ते ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोके ठेवली. आमच्या गाडीची ती सारी भोके मातीने बुजली होती, आणि दोन तर पूर्वी कोणीतरी रंगानेच बंद केली होती. पाणी आत येऊ नये असा हट्ट धरण्यापेक्षा आलेल्या पाण्याला वाट ठेवणे हे शहाणपण होय. परमेश्वराने मानव घडविला तेव्हा त्यालाही ठाऊक होते की मोह, मत्सर, वासना यांचे पाणी आत उतरणार. प्रायश्चित्त संस्काराची वाट त्याने त्यासाठीच ठेविली. आपल्या धर्मग्रामांतून कुमसारासाठी येणाऱ्यांची रांग आखूड होत चालली आहे. पाऊस कमी झाला म्हणून ती आखूड झाली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. रसायनशास्त्राचे जाणकार सांगतात की लोखंडाच्या एकाच ओल्या तुकड्यावर जेथे हवा पोहोचते आणि जेथे पोहोचत नाही, अशा दोन जागा असल्या, तर खाल्ली जाते ती हवा न पोहोचणारी जागा. मातीच्या थराखाली, दोन पत्र्यांच्या जोडात, अरुंद फटीत गंज खोल जातो तो यामुळे. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. म्हणून तो बंद जोडात धरला की दोन पत्र्यांना पाचरीसारखा दूर सारतो. कुटुंबात ज्या विषयावर कोणी बोलत नाही, तोच विषय भावाभावांना दूर सारतो, हे आम्ही आमच्या सेवाकाळात पुष्कळदा पाहिले आहे.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. उस्तादांनी पोकळ्या आधी हवेच्या झोताने झाडल्या, मग पाण्याने धुतल्या. खालून येणारे पाणी काळे, मग तांबूस, मग स्वच्छ आले. आम्हांला वाटले, आता तेल मारावे. ते म्हणाले, "आत्ता नाही. ओलीवर तेल मारलं तर ओल आतच कोंडते. वरून झाकलं जातं आणि खाली खाणं चालूच राहतं." नांदेडच्या त्या उन्हात गाडी आठवडाभर दारे उघडी टाकून उभी होती. येथे आम्हांला आमचाच एक अपराध आठवला. काही वर्षांपूर्वी जमिनीवरून अबोला धरलेल्या दोन सख्ख्या भावांना आम्ही नाताळच्या मिस्सेत वेदीसमोर उभे करून हात मिळवावयास लाविले. टाळ्या पडल्या, छायाचित्र निघाले, आम्हांला धन्यता वाटली. धाकट्याचे ऐकून घ्यावयाचे राहिले होते, थोरल्याचा हिशेब सांगावयाचा राहिला होता. पुढच्या नाताळच्या आतच ते पुन्हा एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले, आणि या खेपेस मंदिरात येणेही त्यांनी सोडले. क्षमा खरीच होती, आम्ही ती ओलीवर मारली. सत्याचे ऊन तिला मिळू दिले नाही.

पाचवी गोष्ट वाळल्यानंतरची. धुऊन पुसून उघडा पडलेला पत्रा तसाच सोडला तर तो पूर्वीपेक्षाही लवकर गंजू लागतो. म्हणून लांब नळीच्या टोकाला बारीक फवारा लावून उस्तादांनी आधी पातळ तेल सोडले. ते जोडाजोडांत झिरपले. दोन दिवसांनी त्यावर मेण मिसळलेले घट्ट तेल मारले, आणि शेवटी तळाची भोके तारेने पुन्हा मोकळी केली. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात झाडलेल्या पण रिकाम्या घराचा दृष्टान्त आहे. बाहेर घालविलेला अशुद्ध आत्मा ते घर मोकळे पाहून आणखी सात जणांना घेऊन परत येतो. नुसते पाप काढून टाकणे पुरत नाही. त्या जागी प्रार्थना, सेवा, चांगली सवय असे काहीतरी भरावे लागते. दारू सोडलेल्या माणसाची सायंकाळ रिकामी ठेवू नये, हे त्याच्या पत्नीला आमच्यापेक्षा चांगले कळते.

येथे कोणी आक्षेप घेईल की असे सतत आत डोकावण्याने माणूस भित्रा आणि संशयी होईल. हा आक्षेप खरा आहे. आम्हीही उत्साहाच्या भरात उस्तादांना म्हणालो होतो की आणखी चार ठिकाणी भोके पाडून आत पाहू या. त्यांनी ड्रिल आमच्या हातातून काढून घेतले. "जिथं कंपनीनं भोक दिलंय तिथूनच बघायचं. तुमचं प्रत्येक नवं भोक म्हणजे गंजाला नवं दार." संत इग्नेशियस लोयोला १५२२ साली मान्रेसा येथे अशाच अतिशंकेने पछाडले होते. कबूल केलेली पापे पुन्हा पुन्हा उकरून त्यांचा जीव मेटाकुटीस आला होता. ज्यांनी पुढे रोजच्या आत्मपरीक्षणाची शिस्त ख्रिस्तसभेला दिली, त्यांनीच ती शिस्त मोजकी, ठरल्या वेळेची आणि कृतज्ञतेने सुरू होणारी ठेविली. आत पाहण्याची द्वारे परमेश्वराने दिलेली आहेत. आपण मनाला नवी भोके पाडू नयेत, आणि दुसऱ्याच्या मनाला तर कदापि पाडू नयेत.

झाकलेले ते सारे वाईट, असेही आम्हांला म्हणावयाचे नाही. पोकळी हा गाडीचा दोष नव्हता, तीच तिची ताकद होती. पवित्र मरियेने कित्येक गोष्टी आपल्या अंतःकरणात ठेवल्या, असे लूक सांगतो. प्रभू येशूच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे नाझरेथच्या आडोशाला गेली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सद्सद्विवेकबुद्धीला माणसाचे सर्वांत गुप्त गर्भगृह म्हटले आहे. तेथे तो परमेश्वराबरोबर एकटा असतो. म्हणजे जे कोणालाच दिसत नाही असे आम्ही आरंभी म्हणालो, ते सर्वस्वी खरे नव्हते. एक पाहणारा आहे. तो चूक पकडण्यासाठी पाहत नाही. ज्या जागेवर आपले सारे वजन उभे आहे, ती जागा टिकावी म्हणून पाहतो. त्या जागेची निगा मात्र त्याने आपल्यावर सोपविली आहे, कारण आपल्या भरवशावर आणखी कोणीतरी गाडीत बसलेले असते.

फियाट अद्याप आमच्याकडेच आहे. तिला नवा रंग दिलेला नाही, तेवढे पैसे उरले नाहीत. सभागृहाचे पत्रे यंदा लोकवर्गणीतून बदलले, आणि झाकल्या मुठीचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांनीच त्यात मोठा वाटा उचलला. पावसाळा संपला की आम्ही दारांच्या तळाची भोके तारेने मोकळी करतो. मग त्या धाकट्या भावाच्या घरी जाऊन बसतो. तो अजून फारसे बोलत नाही. आम्ही आता घाई करीत नाही.